वाचकांचे प्रश्न : ती माझ्याकडे वळूनही बघत नाही

प्रश्न : ताई, माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. ती ८ महिन्यांची असताना मी पुन्हा कामावर जायला लागले. दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. संध्याकाळी मी दारातून आत येते तेव्हा ती एकदा बघते आणि पुन्हा ठोकळ्यांत डोकं घालते. मी हात पुढे केले तर पाठ फिरवते. मैत्रिणीचं बाळ आई दिसली की रांगत सुटतं. मोबाइलवर वाचलं, की याला ‘अव्हॉयडंट अटॅचमेंट’ म्हणतात आणि अशा मुलांना मोठेपणी कोणाशी नातंच जोडता येत नाही. ओळखीच्या एका बाईंनी तर ‘अटॅचमेंट डिसऑर्डर’ असेल, दाखवून घे, असं सांगितलं. नोकरी सोडायची माझी तयारी आहे. तिला माझा लळाच लागला नाही का?
— एक आई

उत्तर : राजीनामा आज लिहू नका. आधी हे उत्तर पूर्ण वाचा आणि मग दोन आठवडे लेकीकडे मी सांगते तसं बघा.

तुम्ही ‘लळा’ म्हणालात, तोच शब्द मीही वापरते. मानसशास्त्रातल्या अटॅचमेंटला तो बराच जवळचा आहे. फक्त आपण लळा म्हणतो तेव्हा त्यात सगळी माया येते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या मनात जास्त नेमकं काहीतरी होतं. बाळ घाबरलं, दुखलं, दमलं, की धाव कोणाकडे घेतं? आणि तिथे पोचल्यावर निवतं का, निवून पुन्हा खेळायला जातं का? लळ्याची पारख भीतीच्या वेळी होते. एरवी बाळ खेळत असतं, आणि खेळणाऱ्या बाळावरून फार थोडं कळतं.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी हे घरोघरी बसून पाहिलं. १९५४-५५ मध्ये त्या युगांडात तान्ह्या बाळांच्या घरी जात असत. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्या आणि त्यांचे सहकारी २६ कुटुंबांकडे वर्षभर, साधारण दर तीन आठवड्यांनी, तासन्‌तास जाऊन बसले. बाळं वर्षाची झाल्यावर त्यांना आईसकट एका खोलीत बोलावलं. हाच तो ‘स्ट्रेंज सिच्युएशन’ प्रयोग. सुमारे २० मिनिटांचा, ८ छोट्या प्रसंगांचा. खोलीत खेळणी असतात. एक अनोळखी बाई येते, आई उठून बाहेर जाते, परत येते. मग आई पुन्हा जाते आणि या वेळी बाळ एकटंच राहतं. काही वेळाने आधी ती अनोळखी बाई येते, नंतर आई.

लोकांना वाटतं, आई गेल्यावर बाळ किती रडतं ते इथे मोजतात. खरं लक्ष असतं ते आई परत येते त्या दोन वेळांवर. बाळ तिच्याजवळ जातं का, कडेवर घेतल्यावर बिलगून राहतं का, नजर आणि अंग चुकवतं का, रागाने ढकलतं का. या चार गोष्टींना १ ते ७ गुण देतात आणि त्यांच्या एकत्रित चित्रावरून गट ठरतो. बी म्हणजे सुरक्षित लळा : आईकडे जातं, शांत होतं, खेळाकडे परततं. ए म्हणजे टाळणारा, तुम्ही वाचलेला ‘अव्हॉयडंट’ : आई आल्यावर तोंड फिरवतं, खेळण्यात गुंततं. सी म्हणजे बिलगतं पण निवत नाही, घ्या म्हणतं आणि घेतल्यावर लाथा झाडतं. १९७८ साली एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १०६ बाळांची माहिती एकत्र छापली, त्यात साधारण दोन तृतीयांश बाळं बी गटात होती.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. बी गटातही चार उपगट आहेत. पहिल्या उपगटातलं बाळ जेमतेम रडतं, आईकडे लांबूनच हसून बघतं, जवळ यायची घाईही करत नाही. चौथ्यातलं भरपूर रडतं, चिकटून बसतं. दोन्ही सुरक्षित. तुमच्या मैत्रिणीचं बाळ आणि तुमची लेक एकाच गटात असू शकतात, दोघींचे स्वभाव वेगळे इतकंच.

मी हे गट ठरवायला शिकत होते तेव्हाची एक गोष्ट सांगते. चित्रफितीत १३ महिन्यांचा एक मुलगा होता. आई गेली, तो रडला नाही. आली, त्याने गाडी फिरवणं चालू ठेवलं. मी शेरा लिहिला : शांत, समजूतदार, आत्मविश्वास असलेला. माझ्या शिक्षिकेने फीत मागे घेतली आणि आवाज बंद करून पुन्हा दाखवली. दार उघडतं, मुलाची नजर वर जाते, हात आईच्या दिशेने जरासा उचलला जातो, मध्येच थांबतो आणि गाडीवर उतरतो. पुढचं अर्धं मिनिट तो गाडी फिरवतो खरा, पण तिच्याकडे बघत नाही. तो खेळत नव्हता. आम्ही ती दोन सेकंदं कितीतरी वेळा पाहिली. १९७७ मध्ये ॲलन स्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजल्याचं दाखवलं होतं : वरून निवांत दिसणाऱ्या या बाळांचे ठोके वाढलेले होते. त्या बाळाला आई हवीच असते. जवळ जाण्याची मागणी केली की आई आणखी दूर होते, असा अनुभव घेतलेलं बाळ मागणीच गिळून टाकतं आणि तिच्या आसपास राहतं. एवढ्याशा जिवाने शोधलेली ती वाट आहे. आजार म्हणून तिच्याकडे बघू नये.

तेव्हा ‘टाळतंय म्हणजे लळा नाही’ हे पहिलंच वाक्य चुकीचं. दुसरी गोष्ट, तुमच्या घरची संध्याकाळ म्हणजे स्ट्रेंज सिच्युएशन नव्हे. तिथे तुमच्या लेकीला भीती कसली? ती दिवसभर आजीजवळ आहे, आजीचाही तिला लळा आहे. तुम्ही आलात तेव्हा तिची धोक्याची घंटा वाजलेलीच नसते. शिवाय दिवस संपताना १४ महिन्यांचं मूल दमलेलं असतं आणि हातातला ठोकळा त्याला त्या क्षणी खरोखर महत्त्वाचा असतो.

म्हणून दोन आठवडे हे बघा. ती आपटली, तुम्ही आणि आजी दोघी समोर आहात, तर कुठे येते? आजीकडे गेली तरी चालेल, तुम्ही घरात एकट्या असाल तेव्हा तुमच्याकडे येते का? रात्री दचकून उठली की तुमच्या खांद्यावर निवते का? अंग गरम असताना कोणाला सोडत नाही? नवा माणूस आला की तुमच्या पायामागे जाते का? यांतल्या बहुतेकांचं उत्तर ‘माझ्याकडे’ असेल, तर दारातल्या त्या पाठीकडे फारसं लक्ष देऊ नका.

संध्याकाळी आल्याबरोबर हात पुढे करू नका. तिच्या बाजूला जमिनीवर बसा, आपण आलोय हे आवाजाने कळू द्या, तिच्या ठोकळ्यांत रस घ्या. ती मांडीवर येईल तेव्हा येईल. रागावून आपणही तोंड फिरवायचं नाही, हे मात्र पाळा. सकाळी निघताना चोरून निघू नका. रडली तरी ‘जाते, संध्याकाळी येते’ असं तोंडावर सांगून निघा.

मोबाइलवरच्या त्या भविष्याबद्दल. मिनेसोटात १९७५ च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात बाळांचा मोठं होईपर्यंत माग काढला गेला. लहानपणच्या लळ्याचा पुढच्या नात्यांशी संबंध दिसतो, पण तो एकटा काहीच ठरवत नाही. घरची परिस्थिती सुधारली किंवा बिघडली तसे गटही बदलतात.

मला हे इतकं ठासून का सांगावंसं वाटतं, तेही लिहिते. काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षांत मी एका मुलीच्या अहवालाच्या समासात पेन्सिलीने ‘अव्हॉयडंट’ असं लिहून ठेवलं होतं. स्वतःच्या आठवणीसाठी. तिच्या आईने ते वाचलं. पुढच्या भेटीत ती मुलीला उचलत नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘तिला मी नकोच आहे ना, मग उगाच कशाला.’ ज्या वागण्यावर काम करायचं होतं, तेच माझ्या एका शब्दाने घट्ट केलं होतं. तो शब्द त्या दोघींच्या मधल्या जागेचा होता, मी तो मुलीच्या नावापुढे लिहिला. तेव्हापासून गटाचं नाव मी एकट्या मुलाच्या नावापुढे कधीच लिहीत नाही. ‘आईबरोबर असताना, अमुक वेळी, असं दिसलं’ एवढंच लिहिते.

प्रश्न : आमची मुलगी आता साडेचार वर्षांची आहे. ती २ वर्षं ३ महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. त्याआधी ती संस्थेत होती, तिथे सांभाळणाऱ्या बायका सतत बदलत असत. ती हसरी आहे, पण कोणाच्याही मांडीवर जाऊन बसते. बागेत अनोळखी माणसाचा हात धरून चालू लागते, मागे वळूनही बघत नाही. डॉक्टरांनी ‘डिसइनहिबिटेड सोशल एंगेजमेंट डिसऑर्डर’ असं लिहिलं. म्हणजे ती आम्हाला आपलं मानत नाही, असाच अर्थ ना? एका नातेवाइकाने एक उपचार सुचवला आहे : मुलाला घट्ट धरून ठेवायचं, ते डोळ्यांत बघेपर्यंत सोडायचं नाही. करावा का?
— एक बाबा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही. कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी नाही. मुलाला जबरदस्तीने धरून, दाबून, त्याचा ‘विरोध मोडून’ लळा लावण्याचे प्रकार काही ठिकाणी उपचार म्हणून चालवले गेले. २००० साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये अशाच एका ‘पुनर्जन्म’ उपचारात कापडात गुंडाळून दाबून ठेवलेली १० वर्षांची मुलगी गुदमरून गेली. श्वास घेता येत नाही असं ती सांगत होती. मुलांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या तिथल्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या कृतिगटाने २००६ मध्ये असे उपचार वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलं. ज्या मुलाला मोठ्या माणसांच्या हातांचा भरवसा नाही, त्याला त्याच हातांनी जखडायचं, यातून भरवसा कसा येणार?

आता निदानाबद्दल. वरच्या पत्रातले ए, बी, सी हे संशोधनातले गट आहेत, रोग नव्हेत. निदानाची वही वेगळी. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या वहीत १९८० मध्ये ‘रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर’ पहिल्यांदा आलं. पुढे त्याच नावाखाली दोन अगदी उलट दिसणारी मुलं एकत्र बसवली गेली. एक मूल मिटलेलं : दुखलं तरी कोणाकडे जात नाही, कोणी जवळ घेतलं तरी निवत नाही, क्वचितच हसतं, कारण नसताना चिडतं किंवा घाबरतं. दुसरं तुमच्या लेकीसारखं : कोणाकडेही जाणारं. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ही दोन निदानं वेगळी केली. पहिल्याला जुनं नाव राहिलं, दुसऱ्याला तुमच्या कागदावरचं लांबलचक नाव मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही ही दोन वेगळीच आहेत.

त्या दुसऱ्या नावात ‘अटॅचमेंट’ हा शब्द नाही, ते पाहिलंत का? तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मिटलेल्या मुलात लळा जडलेलाच नसतो किंवा फार पुसट असतो. कोणाकडेही जाणाऱ्या मुलात मात्र आईबाबांचा पक्का, अगदी सुरक्षित लळाही असू शकतो आणि तरी परक्याबद्दलचा स्वाभाविक संकोच नसतो. ‘आपली माणसं कोण’ हे तिला कळलेलं असू शकतं, ‘परकी कोण’ हे शिकायचं राहून गेलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तज्ज्ञांनाही उशिराच उमगलं.

ते उमगायला रोमेनियातल्या मुलांनी मोठी किंमत मोजली. बुखारेस्टमध्ये २००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी अनाथगृहांतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. मुलं ६ ते ३१ महिन्यांची होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं सांभाळ करणाऱ्या (फॉस्टर) कुटुंबांत गेली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंब मिळालेल्या मुलांमधली मिटलेपणाची लक्षणं झपाट्याने ओसरली. कोणाकडेही जाण्याची सवय मात्र हळू आणि अर्धवट कमी झाली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सुरक्षित लळा जडण्याची शक्यता जास्त दिसली. तुमची लेक सव्वादोन वर्षांची होती, म्हणून हे वाचून धसका घेऊ नका. त्या वयाला कडी लागत नाही, उशिरा गेलेली मुलंही सुधारली.

या दोन्ही निदानांसाठी एक अट पक्की आहे : आधीच्या काळजीत मोठी उणीव असायला हवी. दुर्लक्ष, सांभाळणारी माणसं वारंवार बदलणं, किंवा एका बाईमागे खूप मुलं असलेली संस्था. मुलाचं विकासाचं वय किमान ९ महिने हवं, कारण त्याआधी ठराविक माणसाचा लळा जडलेलाच नसतो. मिटलेल्या मुलात स्वमग्नता नाही ना, हेही पाहावं लागतं. म्हणजे ज्या घरात मूल जन्मापासून मायेने वाढतंय तिथे हा शब्द कोणी सहज उच्चारला, तर त्याला थांबवा. वरच्या पत्रातल्या आईला मी हेच सांगेन. फार दुर्लक्ष सोसलेल्या मुलांतही मिटलेपणाचं निदान दहातल्या एकाहून कमी मुलांत होतं.

तुम्ही रोज काय करायचं? बागेत हात सोडू नका, याला अविश्वास समजू नका. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधी सांगून ठेवा : तिला मांडीवर घ्यायचं नाही, हसून तिला आईबाबांकडे परत पाठवायचं. कठोर वाटेल, पण भरवणं, निजवणं, लागलं की फुंकर घालणं हे पुढची काही वर्षं तुम्हा दोघांच्याच हातून होऊ द्या. ‘हा माणूस ओळखीचा, हा अनोळखी, याला लांबून हात करायचा’ हा खेळ रोज खेळा. इतर मुलं जे आपोआप शिकतात ते तिला शब्दांनी शिकवावं लागेल. उपचार करणारी व्यक्ती निवडताना एकच चौकशी करा : मुलीला एकटीला आत घेणार, की आम्हाला तिच्यासोबत बसवणार? सोबत बसवणारी व्यक्ती निवडा.

आणि ती रात्री घाबरून उठते तेव्हा कोणाला हाक मारते, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला त्याबद्दल लिहून पाठवाल का?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डी म्हणजे ‘डिसऑर्गनाइज्ड’ गट हाच अटॅचमेंट डिसऑर्डर का? वर्गात असं ऐकलं, की डी गट दिसला म्हणजे घरी मुलाचा छळ होतोय असं समजावं.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही चूक. डी हाही ए, बी, सी यांसारखा संशोधनातला गट आहे, निदान नव्हे. दुसरी चूक तर घरं मोडणारी.

मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी ए, बी, सी यांत न बसणाऱ्या सुमारे २०० चित्रफिती पुन्हा पाहिल्या आणि १९८६ व १९९० च्या लेखांतून डी गट मांडला. आई आत येते, बाळ तिच्याकडे निघतं पण डोकं दुसरीकडे वळवून. किंवा पाठमोरं सरकत येतं. हात हवेत धरून गोठतं. उठतं आणि लगेच पालथं पडतं. कधी हे काही सेकंदांचंच असतं, म्हणून ते पाहायला कसलेला डोळा लागतो. अशा खुणांना १ ते ९ गुण देतात. डी लिहिला तरी शेजारी ए, बी किंवा सी यांपैकी जवळचा गटही लिहावाच लागतो, कारण बाळाची नेहमीची वाट मधूनच तुटलेली असते. मेन आणि एरिक हेसे यांचं म्हणणं असं, की ज्याच्याकडे धाव घ्यायची त्याचीच भीती वाटत असेल तर बाळाला जायला जागा उरत नाही. ती भीती मारणाऱ्या माणसाची असू शकते. पण स्वतःच्या न सरलेल्या दुःखात हरवून जाणाऱ्या, बाळासमोर अचानक शून्यात बघणाऱ्या आईचीही असू शकते. अशा आईने कधी बोटही लावलेलं नसतं.

१९९९ मध्ये मारिनस व्हॅन आयझेनडूर्न आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र केले. सर्वसाधारण घरांतल्या शंभरातल्या सुमारे १५ बाळांत डी दिसला, छळ झालेल्या मुलांत जवळपास निम्म्यांत. आकडे दोन्ही बाजूंनी वाच. छळ झालेल्या निम्म्या मुलांत डी नाही, आणि साध्यासुध्या घरांत तो आहे. प्रयोगाच्या त्या २० मिनिटांचा ताण बाळाला फार झाला तरी अशा खुणा दिसू शकतात. म्हणून २०१७ मध्ये या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी मिळून लिहिलं, की एकट्या मुलाबाबत छळाचा पुरावा म्हणून डी वापरू नये. तुझ्या वहीत हे वाक्य लाल शाईने लिहून ठेव. उद्या तुझ्या सहीच्या कागदावरून एखादं मूल घरातून उचललं जाईल.

झीना आणि नील बोरिस यांनी निदान आणि गट यांच्या मधली काही चित्रंही मांडली आहेत : लळा आहे, पण तो आई सोबत असताना स्वतःला धोक्यात घालणारा, नको इतका चिकटलेला, धाकाने गप्प झालेला, किंवा आईचीच आई होणारा. ती डीएसएममध्ये नाहीत. पण पुढे प्रत्यक्ष काम करशील तेव्हा सगळ्यांत जास्त मुलं तुला याच चित्रांत भेटतील, तेव्हा आत्ताच वाचून काढ.

प्रश्न : बाळ आईजवळ पटकन शांत होतं, माझ्याकडे आलं की जास्तच रडतं. त्याचा स्वभावच तसा का?
— ११ महिन्यांच्या मुलाचा बाप

उत्तर : स्वभाव असता तर तो आईजवळही तसाच राहिला असता. बाळाचा लळा माणसागणिक वेगळा असतो. मेन आणि डॉना वेस्टन यांनी १९८१ मध्ये तीच बाळं आईबरोबर आणि वडिलांबरोबर वेगवेगळी पाहिली, तेव्हा एकीकडचा गट दुसरीकडे तसाच निघेल असं दिसलं नाही. रडायला लागला की तुम्ही किती वेळात त्याला आईकडे देता? घड्याळ लावून बघा. आज पाच मिनिटं जास्त धरा. हलवू नका, खेळणं पुढे करू नका, नुसतं छातीशी धरून हळू बोलत राहा.